चढ्या भावाने विका, पण घेणार कोण?

‘भाव चढलाय तोवर विकून टाक.’ फँटसी बेसबॉल (खऱ्या खेळाडूंची आपली टीम बांधायची आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर गुण मिळवायचे) खेळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे एकच वाक्य असतं, आणि ते आता माझ्या डोक्यात जायला लागलंय. विकू की, म्हणजे ट्रेडमध्ये देऊन बदल्यात दुसरा खेळाडू घेऊ! पण कोणाला? लीगमधल्या बाराही जणांसमोर तेच आकडे आहेत. जो आकडा बघून मला ‘विक’ म्हणून सांगतात, तोच बघून समोरचा ‘नको’ म्हणतो. मग हा चढा भाव देणारा माणूस राहतो तरी कुठे?

माझ्याकडे सध्या एक रिलीव्हर आहे, म्हणजे सामन्यात मध्येच बॉल टाकायला येणारा पिचर. नाव मुद्दाम लिहीत नाही, लीगमधले दोघेतिघे हे वाचतील. सीझनआधी खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्याच्या टीमच्या क्लोजरचं, म्हणजे शेवटची नववी इनिंग टाकून सामना संपवणाऱ्या पिचरचं, कोपर गेलं, ती इनिंग याच्या हातात आली, आणि मी त्याला वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंमधून, उचलला. तेव्हापासून २० इनिंग्जमध्ये फक्त २ अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरलेले रन). ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे दिलेले असे रन, ०.९०. थोड्या रनची लीड शेवटपर्यंत राखली की मिळतात ते सेव्ह तर येतायतच.

हा आकडा टिकणार नाही, हे मलाही कळतं. बॅटला लागलेला जवळजवळ प्रत्येक बॉल सध्या कुणाच्या तरी ग्लोव्हमध्ये जातोय. वॉक (फुकटचा पहिला बेस) देऊन बेसवर आणलेले रनर तिथेच अडकून पडतायत. नशीब आहे त्यात, आहेच. पण रिलीव्हर अख्ख्या सीझनमध्ये टाकतो जेमतेम ६०-७० इनिंग्ज. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, बऱ्याच जास्त टाकतो, त्याचं नशीब फिरायला वेळ मिळतो; याचं फिरेपर्यंत कधीकधी सप्टेंबर संपतो. आणि फिरायचंच असेल तर एका रात्रीत फिरतं. एका रनची लीड, नववी इनिंग. पहिल्याला वॉक, दुसऱ्याचा अर्धवट लागलेला बॉल शॉर्टस्टॉपच्या मागे टपकन पडतो, तिसऱ्याला पुन्हा वॉक, आणि चौथ्याने मारलेला बॉल थेट स्टँडमध्ये. चार रन. उरलेले तिन्ही आउट त्याने काढले असं धरलं, तरी ०.९० चा ईआरए सकाळी २.५७ दिसतो. पिचर तोच, हात तोच, फास्टबॉलचा वेगही तोच. आणि त्या सकाळी लीगमधला एकजण तरी लिहितोच, ‘बघ, सांगितलं होतं.’

काय सांगितलं होतं? २०१६ मध्ये बाल्टिमोरचा क्लोजर झॅक ब्रिटनबद्दल मे महिन्यात हेच सांगत होतात. त्याने पूर्ण सीझन ०.५४ चा ईआरए ठेवला आणि ४७ पैकी ४७ सेव्ह केले. ज्याने तो ‘भाव चढलाय’ म्हणून विकला, तो वर्षभर सेव्हसाठी वणवण फिरला असणार. उलट ब्लेक ट्रायनेन बघा. २०१८ मध्ये ओकलंडकडून ०.७८, ३८ सेव्ह. पुढच्या वर्षी ४.९१, आणि क्लोजरची जागा गेली लियम हेंड्रिक्सकडे. एडविन डियाझने २०१८ मध्ये सिॲटलसाठी ५७ सेव्ह केले, न्यूयॉर्कच्या मेट्सने वाजतगाजत नेला, आणि २०१९ मध्ये त्याचा ईआरए ५.५९. हे सगळं आधी कुणाला दिसत होतं? ज्यांचा हाच धंदा आहे त्यांनाही दिसलं नाही. २०२२ मध्ये मिलवॉकीची टीम आपल्या डिव्हिजनमध्ये पहिल्या नंबरावर असताना त्यांनी आपला क्लोजर जॉश हेडर विकला. तो सॅन डिएगोत जाऊन सुरुवातीला मार खात राहिला, आणि इकडे मिलवॉकीची प्लेऑफही हुकली. पूर्ण ऑफिसभर माणसं आकडे घेऊन बसलेली असतात, त्यांना ‘नेमकी वेळ’ सापडत नाही, आणि आमच्या लीगमधल्या शहाण्यांना ती नेहमी सापडते. मात्र मागाहून.

याहून जास्त संताप येतो तो खऱ्या टीम्सच्या जुलैअखेरच्या ट्रेड डेडलाइनचा. तुमचा रिलीव्हर चांगला खेळला, हाच तिथे त्याचा गुन्हा ठरतो. हरणारी टीम त्याला जिंकणाऱ्या टीमला विकते, आणि तिथे क्लोजर आधीच बसलेला असतो. २०२५ मध्ये रायन हेल्सली सेंट लुइसहून मेट्सकडे गेला, जिथे नववी इनिंग डियाझची होती. मेसन मिलर सॅन डिएगोला गेला, जिथे रॉबर्ट सुआरेझ होता. मिलरचा फास्टबॉल ताशी शंभर मैलांच्या वर जातो, पण आठव्या इनिंगमध्ये टाकला तर सेव्ह मिळत नाही. म्हणजे पिचरने काहीही चुकीचं केलेलं नाही, तुम्हीही केलेलं नाही, आणि एका दुपारी तुमचे सेव्ह, म्हणजे त्या कॅटेगरीतले गुण, निम्मे. हे ओळखायला ईआरए कामाचा नाही, व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) नाही, काहीच नाही. कुठल्या टीमचा मालक हात वर करणार, याचा अंदाज बांधत बसायचं.

हे माहीत असल्यामुळेच जूनपासून समोरचे दबा धरून बसतात. मी ट्रेड पाठवला की उत्तर येतं, ‘अरे, रिलीव्हर तर आहे तो, वेव्हर वायरवर ढिगाने मिळतात.’ मिळतात ना? मग घ्या वायरवरून! स्वतःच्या टीममध्ये सेव्ह शून्य, टेबलमध्ये त्या कॅटेगरीत तळाला, आणि मला देऊ करतात कोण, तर बेंचवर बसलेला पाचवा आउटफिल्डर. वर आणि तोच माणूस मला रात्री वेगळा मेसेज करतो, ‘अजून आहे का तुझ्याकडे? विकायचाय का? आत्ता विकलास तर बरं, नंतर पडेल.’ पडणार आहे तर तुला कशाला हवाय? सरळ म्हण की सेव्ह हवेत, आणि सेव्हची किंमत मोज.

मला दुसऱ्या बेसवर रोज खेळणारा, वीसेक होमरन मारणारा माणूस हवाय. सेव्हच्या बदल्यात ही मागणी अजिबात जास्त नाही. तो मिळाला तर आज रात्री ट्रेड मंजूर करतो. नाही मिळाला तर डेडलाइनला काय व्हायचं ते होऊ दे, पण ‘भाव पडेल’ची भीती घालून तो कुणी फुकटात नेणार नाही.