टीचर, हे परीक्षेला येतं?

दुपारी एका पालकाचा फोन आला. आवाज गोड, पण रोख स्पष्ट. "टीचर, वर्गात तुम्ही कुठल्या राणीची हाडं, डीएनए असलं काय काय सांगता म्हणे. परीक्षेला येतं का ते? मग पोर्शन कधी संपणार?" तेव्हा गप्प बसले. आता जेवणं आटोपली तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहिते.

जुने गोवेच्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या पडक्या मनोऱ्यापाशी आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणात, शिराझला, हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. ते ह्याच चर्चमध्ये कुठे ठेवले, हे जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं होतं. त्यावरून माग काढत 2004 मध्ये पुरातत्त्व खात्याला त्या पडक्या भिंतींत हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी ह्या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला आईकडून लेकरांना मिळणारा डीएनए तपासला आणि तो जॉर्जियाकडच्या लोकांशी जुळला. 2021 मध्ये अवशेषांचा काही भाग आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला नेऊन दिला. आनुवंशिकता पुस्तकात आहे, पोर्तुगीजही आहेत. मग मी पोर्शनबाहेरचं काय शिकवलं, ते तरी सांगा!

माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. शेवटच्या बाकावरचा, वडील चिरेखाणीवर, जांभा दगड काढायला. वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. दक्षिण गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळला मुलांना नेलं होतं. जांभ्यावर कोरलेले बैल, हरणं, मोर, ते गोल गोल चक्रव्यूहासारखं चित्र. बाकीची मुलं सेल्फीत दंग, आणि हा उकिडवा बसून बैलाच्या पाठीच्या रेषेतून बोट फिरवतोय. मग म्हणतो, "बाई, हें पिकाशीन मारूंक ना. पिकाशीची खूण सरळ येता. हें कशान काडलें? तेन्ना लोखंड आशिल्लें?" म्हणजे, हे कुदळीने मारलेलं नाही, मग कशाने काढलं, तेव्हा लोखंड होतं का?

अभ्यासक नेमकं ह्याच प्रश्नावर भांडतात हो! कोरलं कशाने, किती जुनं? कोणी मध्याश्मयुग, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं दगडी हत्यारांचं युग म्हणतं, कोणी बरंच अलीकडचं. एकमत नाही. 1993 मध्ये गावच्या लोकांनी सांगितल्यावर ही चित्रं जगासमोर आली. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गेली. तरी उत्तर अजून शोधताहेत. पुस्तकातलं सगळं आधीच ठरलेलं असतं, मुलाने फक्त पाठ करायचं. इथे त्याच्या बापाच्या धंद्यातलं ज्ञान कामी आलं. ह्याला गुण कुठल्या रकान्यात देऊ?

अशा शोधांच्या बातम्या फुगवलेल्या असतात, मान्य. दर आठवड्याला कोणीतरी 'इतिहास बदलणारा शोध' लावतंच. मुलांना अशा जागी न्यायला बसचं भाडं परवडत नाही, तेही खरं. पण फुगवलेली बातमी फळ्यावर लिहून 'ह्यात पुरावा कुठला आणि अंदाज कुठला' असं विचारलं तर त्याच तासात विज्ञान शिकवून होतं. त्याला बस लागत नाही.

आणि आपण राहतो कुठे? दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 मध्ये स्थापन झालेली. तिथल्या लोकांनी आपल्याच किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजांचा शोध घेतलाय. वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून माणसं अंटार्क्टिकाला जातात. आमची मुलं त्या रस्त्याने बसमधून जातात आणि आत काय चालतं ते त्यांना कोणी सांगत नाही. याची चीड येते.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. त्या पालकांवर राग धरून काय करू? मुलाचे दोन गुण गेले तर पुढची ॲडमिशन हुकेल ही धास्ती खरीच आहे, आणि ती त्यांनी एकट्याने निर्माण केलेली नाही. पण उकिडवा बसलेला तो पोरगा डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवसानंतर तो वर्गात हात वर करू लागला. गुण फार वाढले नाहीत, हेही सांगते.

उद्या त्यांना फोन करणार आहे. शनिवारी वर्गात येऊन बसा म्हणणार. आणि इथल्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पावसात कुशावती चित्रांवरून वाहते, त्यामुळे पाणी ओसरल्यावरच जायचं आहे. कोणाच्या शाळेची मुलं येणार असतील तर कळवा, एकच बस करू, भाडं वाटून घेऊ.