लिंबू, साखर, सोडा: त्या मेसेजला माझं उत्तर

मार्चपासून एकच मेसेज माझ्या फोनवर निदान वीस वेळा आला असेल. भिशीच्या ग्रुपवर, महिला मंडळाच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर. एकदा कन्नडमधून, बाकी मराठीतून. त्यातला मजकूर थोडक्यात असा: दोन चमचे साखर, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा खायचा सोडा आणि थोडं बेसन कालवा. फेस आला की अंगाला जोर लावून घासा आणि दहा मिनिटं कोवळ्या उन्हात बसा. सात दिवसांत रंग उजळतो, काळी मान साफ होते, छिद्रं उघडून विषारी द्रव्यं बाहेर पडतात. आजीच्या काळातला नैसर्गिक उपाय आहे, साइड इफेक्ट शून्य. बरणीत भरून सहा महिने ठेवा. तान्ह्या बाळालाही चालतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात अठरा वर्षं मी पार्लर चालवते. घरच्या उटण्याला, पिठाला माझा विरोध नाही. माझ्या कपाटातही मसुराच्या पिठाचा डबा असतोच. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एक तर अंग भाजवणारं आहे. तिथूनच सुरुवात करते.

"लिंबू लावून उन्हात बसा."

मे महिन्यात लग्न ठरलेली नंदगडकडची एक मुलगी एप्रिलअखेर माझ्याकडे आली. पूर्ण बाह्यांचा ड्रेस होता. बाही वर केली तर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी ओघळ, चहा सांडून वाळावा तसे. मानेच्या बाजूला चार बोटांचे ठसे दिसत होते, बोटं मोजता येतील इतके स्पष्ट. लिंबू पिळून देणाऱ्या धाकट्या बहिणीच्या अंगठ्याच्या बेचक्यातही तसाच डाग. "ताई, रोज घासतो की मी, तरी जाईना झालंय," ती म्हणाली. आतला मळ वर येतोय असं समजून ती त्या डागांवर पुन्हा लिंबूच चोळत होती.

तो मळ नव्हता. लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना उन्हातले अतिनील किरण पडले की तिथली कातडी भाजते. लगेच काही कळत नाही, हाच त्यातला दगा. साधारण एका दिवसाने लाली आणि आग सुरू होते, दोन-तीन दिवसांत ती वाढते, कुणाकुणाला फोड येतात, आणि मागे उरतो तो काळपट डाग. रस जिथून ओघळला तिथून ओघळाचा, बोटं टेकली तिथे बोटांचा. हे डाग काही आठवडे, कधी कधी काही महिने राहतात. कोवळं ऊन म्हणून सुटका नाही, कारण हे घडवणारे किरण सकाळच्या उन्हातही असतात. म्हणजे उजळायला म्हणून जे लावलं त्यानेच काळं केलं. तिला मी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. लग्नात तिने कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घातला. खाली उरलेल्या हातावर मेंदी गच्च काढून घेतली. डाग फिके व्हायला गणपती उजाडले.

लिंबाचा आंबटपणा हा वेगळाच त्रास. पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट. निरोगी कातडीचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो, म्हणजे ती मुळातच किंचित आम्ल असते आणि त्यावरच तिचं संरक्षण चालतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 च्या आसपास असतो. साखरेने आधीच ओरखडलेल्या अंगावर तो चोळणं म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात बोट कापलेल्या कुठल्याही बाईला सांगायला नको.

"फेस आला म्हणजे काम करतंय."

फेस हा निव्वळ वायू. आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दोघं एकमेकांना मारतात. उरतं सोडियम सायट्रेट म्हणजे एक मीठ, आणि पाणी. लिंबू जास्त पडलं तर पेस्ट आंबट राहते, सोडा जास्त पडला तर अल्कली होते आणि अंग कोरडं, खरखरीत पडतं. दोन्ही बरोबर पडले तर एक लिंबू फुकट गेलं. खमणात सोडा घाला, अंगाला नको.

यालाच जोडून दुसरं एक वाक्य फिरतं. उसापासून ग्लायकोलिक ॲसिड, म्हणजे मेलेली कातडी सैल करणारं आम्ल मिळतं, मोठे डॉक्टर तेच वापरतात, म्हणून साखर चोळली तरी तोच फायदा. आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, संकेश्वर-चिकोडीकडे कारखान्यांची धुराडी दिसतात, त्यामुळे हे पटकन पटतं. पण साखर म्हणजे सुक्रोज. ती चोळल्याने तिचं ॲसिड होत नाही. ती फक्त खरखरीत दाण्याचं काम करते.

"सात दिवसांत रंग उजळतो, जेवढं घासाल तेवढा मळ निघेल, काळी मान साफ होते."

रंग कुठे असतो ते आधी बघा. कातडीच्या वरच्या भागाच्या अगदी तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते, फरक असतो त्या किती आणि कसं रंगद्रव्य बनवतात यात. स्क्रब पोहोचतो तो सगळ्यात वरच्या मेलेल्या थरापर्यंत. अंगावर बहुतेक ठिकाणी तो थर वहीच्या कागदापेक्षाही पातळ असतो. हा थर आपोआप झडत असतो, तरुणपणी साधारण महिन्याभरात वरची कातडी नवी होते. स्क्रबने सुटलेले कोरडे पापुद्रे निघतात, अंग गुळगुळीत लागतं, उजेड सारखा पडतो आणि दोन दिवस ताजंतवानं दिसतं. हा फायदा खरा आहे. तेवढ्यासाठीच मी स्क्रब करते. पण त्याने रंग बदलत नाही आणि बदलायची गरजही नाही. सावळेपणा हा मळ नाही, हे मी दर लग्नसराईत आयांना हात जोडून सांगते.

आणि त्या मळाच्या वळ्या? घरी एकदा करून बघा. बेसन पाण्यात कालवून स्टीलच्या ताटलीवर पातळ लावा, अर्धवट वाळू द्या आणि बोटाने चोळा. ताटलीवरूनही तशाच करड्या-पिवळ्या वळ्या निघतील. अंगावरून निघतात त्यात थोडी मेलेली कातडी असते, पण बरंचसं पीठच असतं. वळ्या निघायच्या थांबत नाहीत म्हणून बायका घासत राहतात आणि कातडी लाल होते. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीचा स्वभाव असा की जिथे ती दुखावते, तिथे बरं होताना ती काळी पडते. नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं अंग खरवडणाऱ्यांच्या गळ्याच्या हाडावर, पाठीवर, नडगीवर काळपट पट्टे दिसतात. ते घासण्यानेच आलेले असतात. घासणी सुटली तर हळूहळू फिके होतात.

आता मान. यावर थोडं थांबते, कारण इथे नुकसान कातडीपुरतं राहत नाही.

गेल्या वर्षी एक आई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या मानेवर मागच्या बाजूने सालं निघालेली. आई रोज लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन घासत होती आणि घासताना "नीट आंघोळ करत नाहीस" म्हणून बोलत होती. मुलगी आरशात बघायलाच तयार नव्हती. मी हात लावून पाहिलं. काळेपणा मखमलीसारखा, कातडी जाड, घड्या पडलेल्या. काखेतही तसंच. अशी मान कितीही स्वच्छ ठेवली तरी काळीच राहते. बऱ्याचदा त्यामागे शरीराला इन्सुलिन नीट वापरता न येणं असतं. वाढतं वजन, पुढे येऊ घातलेला मधुमेह, मुलींमध्ये पीसीओडी म्हणजे पाळी बिघडवणारा अंडाशयाचा विकार, यांच्या सोबतीने ती येते. तिच्यावर उपाय न्हाणीघरात नाही. आधी शुगर तपासायची, वजन आणि पाळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. आतलं सुधारलं की मान बऱ्याच अंशी फिकी होते. त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत आणि मानेला हातही लावला नाही. "शुगर बघून या" एवढंच सांगितलं. तुमच्या घरात अशी मान असेल तर त्या मुलीला "मळकी" म्हणणं आजच बंद करा.

"आजीच्या काळातला नैसर्गिक उपाय."

आजीचा उपाय काय होता ते आठवू या. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भात निघालं की मसूर पेरतात. त्या मसुराची डाळ उन्हात वाळवून जात्यावर दळायची. त्यात नागरमोथा, आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा, संत्र्याची वाळलेली साल. सगळं वस्त्रगाळ करायचं. वस्त्रगाळ म्हणजे जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळलेलं, बोटात घेतलं तर पावडरीसारखं. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरायचा सण, घासूनपुसून हंडे भरायचे. पहाटे आधी अंगभर कोमट तेल आणि तेलावर उटणं. हा क्रम महत्त्वाचा आहे. तेलामुळे घर्षण कमी होतं, पीठ जास्तीचं तेल शोषून घेतं, आणि आंघोळीनंतरही अंगावर तेलाचा अंश राहतो. बेळगावच्या थंडीत तोच अंश अंग फुटू देत नाही. आयुर्वेदातल्या अभ्यंग (तेल चोळणं) आणि उद्वर्तन (कोरडं चूर्ण चोळणं) यांची जोडीही अशीच आहे.

यात लिंबू कुठे आहे? सोडा कुठे आहे? जाड साखर कुठे आहे? कोरड्या अंगावर रोज जोर लावणं कुठे आहे? मेसेजमधल्या आजीला कुणी विचारलेलंच नाही. तिच्या नावावर भलतंच खपवलंय.

"नैसर्गिक" या शब्दाचं म्हणाल, तर बिब्बाही नैसर्गिकच आहे. बिब्बा उतून अंगावर फोड आलेलं माणूस आपल्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी पाहिलंय. हळदीबद्दलही एक सांगते. सुटी, फार भडक पिवळी पूड आणू नका. हळदीला रंग चढवायला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, मिसळल्याची प्रकरणं उघडकीस आलेली आहेत. हळकुंडं आणून गिरणीत दळून घ्या.

"छिद्रं उघडतात, विषारी द्रव्यं बाहेर पडतात." छिद्रांना दार नसतं, उघडझाप करायला स्नायू नसतात. शरीरातला नको तो माल बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

"बरणीत भरून सहा महिने ठेवा."

इडलीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं तर सकाळी फुगतं. बेसन आणि लिंबाच्या ओल्या कालवणात जंतूंना बंदी असते असं कुणाला वाटतं? मुरांबा टिकतो कारण त्यात साखर भरपूर आणि मोकळं पाणी कमी असतं. पण तोच मुरांबा ओल्या चमच्याने काढला तर बुरशी धरतो, हे आपण मुलांना ओरडून सांगतो. न्हाणीघरात बरणीत ओली बोटंच जातात, वर वाफ असते. नुसतं तेल-साखरेचं मिश्रण असेल तर कोरड्या चमच्याने, आठवडाभरापुरतं करा. थंडीत खोबरेल थिजतं, ते बिघडलं असं समजू नका. 24-25 अंशांच्या खाली ते थिजतंच. बरणी कोमट पाण्यात धरली की झालं. पीठ, दूध, दही, फळ असं काहीही पडलं असेल तर त्याच आंघोळीला लागेल तेवढंच कालवा, उरलेलं टाका.

"तान्ह्या बाळालाही चालतं."

नाही. अजिबात नाही. आपल्याकडे बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा किंवा बेसनाचा गोळा फिरवतात. न्हाऊ घालायला येणाऱ्या अक्कांना मी एकदा टोकलं तर त्या म्हणाल्या, "एनू आगंगिल्ल." काही होत नाही म्हणून. त्यांच्या हातात पन्नास बाळं वाढलीत, त्यांचा मान मी ठेवते. पण लव पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआपच जाते. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ आणि कच्ची, घासली तर लाल होते, पुरळ उठतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. खायच्या पदार्थातली प्रथिनं दुखावलेल्या कातडीतून आत गेली तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचा अंश असलेला तोंड धुवायचा एक साबण वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली होती. आधी ती माणसं पोळी-पाव खुशाल खात होती. बाळाला कोमट तेलाचा हलका हात आणि कोमट पाणी पुरे, त्यातही साखर-लिंबाचा तर विचारही नको.

मग करायचं काय, हे विचाराल. मी करते ते सांगते. मसुराचं पीठ किंवा तांदळाची पिठी दोन चमचे, मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळलेली. अंगाला तिळाचं किंवा खोबरेल तेल आधी लावायचं. पाठीवर किंवा चेहऱ्यावर पुटकुळ्या येत असतील तर तिथे खोबरेल नको. पीठ साध्या पाण्यात किंवा दुधात सरसरीत कालवून, ओल्या अंगावर, बोटांच्या पेरांनी, एका जागी अर्ध्या मिनिटाहून जास्त नाही. आठवड्यातून एकदा. साखर वापरायचीच तर बारीक, तेलात भिजवलेली, आणि फक्त टाचा-कोपरांना. चेहऱ्याला कधीच नाही. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा. वॅक्सिंग झालेल्या दिवशी, खरूज-इसबावर, पिकलेल्या मुरुमांवर, उन्हाने लाल झालेल्या अंगावर लावू नका. रोप लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्या तर मुळीच घासू नका. पाय कोरडे ठेवा आणि बरं वाटेना तर औषध घ्या. आंघोळ झाली की अंग टिपून, ओलसर असतानाच पुन्हा तेलाचा किंवा क्रीमचा हलका हात.

आणि न्हाणीघरातून बाहेर यायच्या आधी फरशीवरचं तेल साबणाच्या पाण्याने धुवून काढा. माझ्या एका गिऱ्हाईक वहिनींनी स्वतः स्क्रब छान केला, मागाहून सासूबाई आंघोळीला गेल्या आणि मनगटाला सहा आठवडे प्लास्टर बसलं.