वॉटरस्लाइड डेकल रॉडवर टिकत नाही म्हणे? नीट लावला तर टिकतो

गेले पंधरा दिवस गळवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, मला एकट्याला तो चार जणांनी पाठवला. म्हणे कस्टम रॉडवर, म्हणजे हाताने बांधलेल्या मासेमारीच्या काठीवर, वॉटरस्लाइड डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून लावायचं छापील नाव किंवा चित्र, लावूच नका, पाण्याने लागतो तो पाण्यानेच सुटतो, घरच्या प्रिंटरची शाई पसरते, रॉड वाकला की तडकतो, इपॉक्सीखाली (वरून देतात तो, दोन भाग मिसळून कडक होणारा पारदर्शक थर) पांढरट चट्टा येतो, त्यापेक्षा विनाइलचं स्टिकर चिकटवा आणि वर इपॉक्सी मारा. मी सिंहगड रोडला घरीच रॉड बांधतो. परवा एक मुलगा आला, पहिलाच रॉड बांधतोय, त्यावर वडिलांचं नाव टाकणार होता, आणि हा मेसेज वाचून त्याने तो विचारच सोडून दिला. मला ते फार लागलं म्हणून लिहायला बसलो.

पहिलं, पाण्याने सुटतो हे. डेकलमध्ये असतं काय, तर खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पातळ फिल्म आणि फिल्मवर छपाई. भिजवलं की डिंक सैल होतो आणि फिल्म कागदावरून घसरते, फिल्म स्वतः काही पाण्यात विरघळत नाही. मग डेकलच्या कडांच्या बाहेर तीन-चार मिलिमीटरपर्यंत इपॉक्सी गेलं असेल तर पाणी डिंकापर्यंत पोचणार कुठून? गाईड, म्हणजे गळाची दोरी ओवायच्या कड्या, ज्याने बांधतो तो दोरा तरी आपण उघडा ठेवतो का, त्यावरही इपॉक्सी असतंच ना. उघडा ठेवलेला डेकल सुटणार हे खरंच आहे, पण रॉडवर तो उघडा ठेवायचाच नसतो. आमच्या आजीचं काळं शिवणयंत्र अजून घरात आहे, त्यावरची सोनेरी नक्षी म्हणजे डेकलच, तंत्र थोडं वेगळं पण वरून पारदर्शक थर दिलेला. जिथे वर्षानुवर्षं कापड घासलं त्या पुढच्या कडेला नक्षी उडालीय, बाकी सगळीकडे जशीच्या तशी. वरचा थर शाबूत तर खालची नक्षी शाबूत.

शाई पसरते, हे अर्धं खरं. इंकजेटची शाई पाण्यात जाते, म्हणून प्रिंट पूर्ण वाळू द्यायची आणि भिजवायच्या आधी अ‍ॅक्रिलिक क्लिअर स्प्रेचे दोन-तीन हलके हात द्यायचे, मध्ये प्रत्येक हात वाळू द्यायचा. एकदम जाड मारला की शाई तिथेच ओघळते. लेझरचा टोनर म्हणजे वितळून बसलेलं प्लास्टिकच, त्याला पाण्याचं भय नाही. फक्त अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढायला जाताना कागद लेझरचाच आहे ना हे दोनदा बघा, इंकजेटचा कागद लेझर मशीनच्या उष्णतेत वितळून आत चिकटतो आणि दुकानदाराचं नुकसान होतं. आणि आपले प्रिंटर पांढरा रंग छापतच नाहीत, म्हणून काळ्या ब्लँकवर (ब्लँक म्हणजे रॉडची नुसती काठी) पारदर्शक कागदाचा डेकल लावला तर अक्षरं दिसतच नाहीत, तिथे पांढरा कागद घ्यावा लागतो नाहीतर खाली फिकट रंगाचा पट्टा. मेसेजमध्ये ही खरी अडचण लिहिलेलीच नाही!

तडकतो म्हणे. डेकल कुठे लावतो आपण? मुठीच्या जरा वर, जिथे ब्लँक जाड असतो आणि मासा लागला तरी फार वाकत नाही. तडकलेले जे दोन रॉड माझ्याकडे आले त्यांच्यावर टेबलटॉपवाली कडक रेझिन ओतली होती, ती जाडही होती, तडा रेझिनला गेला आणि नाव डेकलचं आलं. रॉड फिनिश म्हणून मिळणारं इपॉक्सी लवचिक असतं, तेच वापरा.

आता पांढरट चट्टा, ह्यावर मात्र नीट बोलायला हवं कारण ह्यात लोक खरंच फसतात, मीही फसलोय. तो चट्टा म्हणजे बहुतेक वेळा फिल्मखाली अडकलेली हवा. बऱ्याच ब्लँकवर बारीक वळ्या असतात, बोट फिरवलं की जाणवतात, फिल्म त्या वळ्यांच्या माथ्यावर बसते आणि खाचांमध्ये हवा राहते. म्हणून आधी त्या जागी इपॉक्सीचा एक पातळ हात द्यायचा, रॉड फिरवत ठेवून वाळवायचा, काचेसारखा गुळगुळीत झाला की त्यावर डेकल. जागा ओली करायची, डेकल अर्धा-एक मिनिट भिजवायचा, तरंगत सोडून द्यायचा नाही नाहीतर डिंकच धुऊन जातो, मग मऊ ब्रशने सरकवून जागेवर आणायचा आणि ओलसर टिश्यूने मधून कडेकडे पाणी काढायचं. टॉर्च आडवी धरून बघा, हवा राहिली असेल तर चांदीसारखी चमकते, तिथे डेकल सेटिंगचं द्रव लावलं की फिल्म मऊ होऊन बसते. कडेला सांडलेला डिंक ओल्या ब्रशने पुसून घ्या, नाहीतर इपॉक्सीखाली त्याचाच डाग दिसतो. आणि पाणी आरओचं घ्या, सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने क्षाराचे ठिपके राहतात.

चट्ट्याचं दुसरं कारण घाई. माझा जो रॉड बिघडला तो जुलैमध्ये, बाहेर सारखी रिपरिप, डेकल संध्याकाळी लावला आणि रात्रीच इपॉक्सी मारलं, सकाळी अख्खं नाव दुधाळ झालेलं. फिल्मखाली पाणी तसंच होतं. तेव्हापासून निदान २४ तास थांबतो, पावसाळ्यात ४८, आणि दमट हवेत स्प्रेसुद्धा पांढरा पडतो म्हणून ते काम कोरड्या दिवशीच. इपॉक्सीच्या आधी डेकलवर अल्कोहोल फिरवू नका, त्याने अ‍ॅक्रिलिकचा थर आणि शाई दोन्ही उठू शकतात. ब्लँक पुसायचा तो डेकल लावायच्या आधी.

राहिलं विनाइल. ते डेकलच्या फिल्मपेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे कडेला पायरी दिसते, ती बुजवायला इपॉक्सीचे जास्त हात लागतात, आणि बारीक गोलाईवर त्याच्या कडा उठू बघतात. मोठ्या, ठळक अक्षरांना चालेल. पण चार मिलिमीटर उंचीचं मराठी नाव, त्यातले काना-मात्रा, रफार, हे विनाइलमध्ये कापायचं म्हणजे कटिंग करणाराच हात जोडतो.

त्या मुलाला मी ब्लँकचा एक कापलेला तुकडा दिलाय. त्यावर वडिलांचं नाव लावून, इपॉक्सी मारून, ते पूर्ण कडक झाल्यावर आठ दिवस पाण्याच्या बादलीत ठेवायला सांगितलंय, मगच खऱ्या रॉडला हात लावायचा. डेकलची शीट त्याने कालच घेतली.