गाडी विका म्हणणाऱ्या मेसेजचा हिशेब

सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवरही आला. कुठल्याशा सीए मित्राच्या नावाने फिरणारा हा मेसेज, शेवटी जोडलेल्या हातांची रांग. मजकूर थोडक्यात असा: गाडी 95 टक्के वेळ नुसती उभी असते, तरी आपण तिच्यात दहा-बारा लाख घालतो. ॲपवरून कॅब मागवली तर निम्म्यात भागतं. लांब जायचं तर गाडी भाड्याने मिळते, महिन्याच्या वर्गणीवरही मिळते. नवी पिढी गाडी घेतच नाही. 2030 पर्यंत गाड्या इलेक्ट्रिक आणि बिनड्रायव्हरच्या होतील आणि पुण्याचा ट्रॅफिक आपोआप सुटेल. तेव्हा आजच विका, उद्या भंगारात जाईल.

गाडी विकायला माझा काडीचाही विरोध नाही. पुण्यातल्या गाड्या कमी झाल्या तर हव्याच आहेत. पण असल्या हिशेबावर गाडी विकलेला माणूस सहा महिन्यांत पुन्हा शोरूममध्ये दिसतो.

95 टक्क्यांपासून सुरुवात करू. आकडा साधारण बरोबर आहे. 24 तासांचे 5 टक्के म्हणजे 1 तास 12 मिनिटं. हिंजवडीला जाणारा म्हणेल, एवढा वेळ माझा नुसता जायलाच लागतो, पण ते सोडा. चूक आहे ती पुढच्या उडीत. उभी गाडी दुसऱ्याच्या कामाला येईल असं मेसेज गृहीत धरतो. आता कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी साडेआठला पार्किंगमध्ये उभे राहा. सगळ्यांना गाडी त्याच अर्ध्या तासात हवी असते आणि बहुतेकांना त्याच दिशेला, चांदणी चौकाकडे, जायचं असतं. रात्री दोन वाजता वीस गाड्या मोकळ्या आहेत याचा उपयोग कोणाला? वेगवेगळ्या वेळी लागणाऱ्या गाड्या वाटून घेता येतात. एकाच वेळी लागणाऱ्या गाड्यांचं काम बसच करू शकते.

आता पैसे. इथे जरा थांबायला हवं, कारण इथे मेसेज अर्धा खरा आहे.

पुण्यात एसी कॅबसाठी परिवहन प्राधिकरणाने ठरवलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला 37 रुपये आणि पुढे किलोमीटरला 25 रुपये आहे. कोथरूड डेपो ते हिंजवडी फेज 1 हे अंतर 16 किलोमीटर धरलं तर एका बाजूचे 400 रुपये झाले. जाऊन-येऊन 800, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 17,600. दुसरीकडे आठ लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता 16,600 च्या आसपास. गर्दीत गाडी लिटरला 13 किलोमीटर देते असं धरा, म्हणजे पेट्रोल साडेपाच हजारांच्या आसपास. वर विमा, सर्व्हिसिंग, टायर. थोडक्यात, हप्ते चालू आहेत तोवर निव्वळ ऑफिसच्या येण्याजाण्यासाठी नवी गाडी महागच पडते. सीए मित्राला एवढे मार्क द्यायला हरकत नाही.

पण ‘निम्म्यात’ कुठून आलं? ते ॲपच्या दरातून आलं. किलोमीटरला बारा-चौदा रुपयांची सवय आपल्याला गुंतवणूकदारांच्या पैशाने लावली. तो पैसा आटला तेव्हा तूट ड्रायव्हरच्या खिशातून निघायला लागली. पुण्यातले कॅबवाले 2024 मध्ये संपावर गेले ते याच कारणाने. त्याच वर्षी मार्चमध्ये दोन बड्या ॲप कंपन्यांचे परवान्याचे अर्ज इथल्या प्राधिकरणाने फेटाळले. 2025 मध्ये तर ड्रायव्हर सरळ सांगायला लागले की ॲपवर दिसतंय ते भाडं नाही, सरकारी दराने द्यावं लागेल. तो संवाद आता सगळ्या पुण्याला पाठ आहे. बुकिंग झालं की फोन येतो, “सर, कुठे जायचंय? कॅश का ऑनलाइन?” ठिकाण सांगितलं की शांतता, मग “ॲपमधला रेट परवडत नाही दादा, मीटरने घेऊ का?” नाही म्हटलं तर गाडी नकाशावर जागच्या जागी उभी. रद्द कोणी करायचं याचीच वाट दोघं बघत बसतात, कारण दंड रद्द करणाऱ्याला. मी यात ड्रायव्हरची बाजू घेतो. पेट्रोल, सीएनजी, गाडीचा हप्ता, ॲपचं कमिशन जाऊन बारा रुपयांत काही उरत नाही. म्हणून कॅबचा हिशेब 25 च्या दरानेच मांडायला हवा, आणि त्या दराने ‘निम्म्यात’ ही थाप ठरते.

शिवाय या हिशेबात पुण्याचं खरं वाहनच नाही. तोच 32 किलोमीटरचा प्रवास स्कूटरवर केला तर पाऊण लिटरही पेट्रोल लागत नाही, म्हणजे दिवसाला ऐंशी रुपयांच्या आत. पुण्यात नोंदलेली वाहनं लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याची बातमी 2018 मध्ये आली, 35 लाख माणसं आणि 36 लाखांवर वाहनं. त्यातली बहुसंख्य दुचाकी. चारचाकी विकणारा पुणेकर कॅबकडे नाही, आधी ॲक्टिव्हाकडे वळतो. मेसेज लिहिणारा एक तर पुण्याचा नाही, नाहीतर त्याच्याकडे पगारी ड्रायव्हर आहे.

भाड्याची आणि वर्गणीची गाडी. भाड्याची गाडी कधीमधी उत्तम, यात वाद नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी घेऊन महाबळेश्वरला जाऊन या. फक्त निघण्याआधी बंपर, चारही रिम, काचा, स्टेपनी यांचे फोटो काढत गाडीभोवती प्रदक्षिणा घालायची, कारण परत देताना ‘हा ओरखडा आधीचा’ हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. आणि दिवाळीच्या सुट्टीत, लागून आलेल्या शनिवार-रविवारी, जेव्हा गाडी हवी असते नेमकी तेव्हाच ती मिळत नाही. पुन्हा तोच मुद्दा, सगळ्यांना एकाच वेळी हवी.

वर्गणीचं प्रकरण वेगळं. मारुतीने 2020 मध्ये अशी योजना आणली, इतर कंपन्यांनीही आणली. महिन्याला ठरावीक रक्कम, त्यात विमा आणि देखभाल आली. बदल्या होत राहणाऱ्या माणसाला सोयीचं आहे. पण गाडी तीच, पार्किंग तेच, सकाळी साडेआठची रांग तीच. बदलली ती फक्त मालकी. सप्टेंबर 2024 मध्ये एमजी विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आली ती तर आणखी मजेशीर: तेव्हा गाडी 9.99 लाखांपासून, बॅटरी मात्र त्या किमतीत नव्हती, ती किलोमीटरला साडेतीन रुपये भाड्याने. कल्पना हुशारीची आहे. प्रत्येक किलोमीटरचा पैसा डोळ्यांसमोर येतो, त्याने उगाच फेऱ्या कमी होतीलही. पण या योजनेने गाडी घेणारे वाढतात, कमी होत नाहीत. पहिला आकडा खाली आला की उंबरठ्यावर थांबलेला माणूस आत येतो, कंपनीने त्यासाठीच तर खटाटोप केला. ‘मालकी संपतेय’ याचा पुरावा म्हणून हेच उदाहरण देणं म्हणजे धन्य आहे.

नवी पिढी गाडी घेत नाही, हे तर जुनंच पालुपद. सप्टेंबर 2019 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही वाहनविक्रीच्या मंदीमागे तरुणांची ओला-उबरची आवड असल्याचं सांगितलं होतं. 2018-19 मध्ये देशात सुमारे 34 लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या होत्या. 2024-25 मध्ये 43 लाख. एवढं पुरे.

बिनड्रायव्हरच्या गाड्यांवर फार शाई खर्च करत नाही. 2025 पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत खासगी गाडीची मालकी जवळजवळ संपेल, असं लिफ्ट या कॅब कंपनीच्या जॉन झिमर यांनी 2016 मध्ये लिहिलं होतं. 2025 आलं आणि गेलं. वेमोच्या बिनड्रायव्हर टॅक्स्या फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत खरोखर धावतात, चांगल्या धावतात, पण लोकांनी त्यापायी गाड्या विकल्याचं चित्र तिथेही नाही. आपल्याकडे नितीन गडकरींनी ड्रायव्हरांच्या रोजगाराचं कारण देऊन अशा गाड्या येऊ देणार नाही असं जाहीरच केलंय. आणि अप्पा बळवंत चौकातला संध्याकाळचा साडेसहाचा प्रसंग कुठल्याही सेन्सरला झेपेल असं वाटत नाही. नव्या गाड्यांत लेन धरून ठेवणारी यंत्रणा असते. ती पुण्यात लोक शहराबाहेर पडेपर्यंत बंदच ठेवतात, कारण धरायला लेन कुठाय?

इलेक्ट्रिक गाडी मात्र खरी आहे आणि धूर नाही म्हणून स्वागतार्ह आहे. पण ती रस्त्यावर जागा पेट्रोलच्या गाडीइतकीच खाते. चालवायला स्वस्त, वर राज्याच्या 2025 च्या धोरणात एक्सप्रेसवेवर टोलमाफी. मग माणूस गाडी जास्त काढणार की कमी? बाकी चार्जिंगचा पॉइंट कोणाच्या मीटरवर घ्यायचा यावर वार्षिक सभेत जे रामायण होतं, ते ज्याने पाहिलंय तो ‘आपोआप’ हा शब्द वापरणार नाही.

आणि शेवटचं, ट्रॅफिक सुटेल. कॅब गिऱ्हाईक सोडून पुढचं भाडं शोधत रिकामी फिरते, तेव्हाही रस्ता अडवतेच. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मोजलं तेव्हा ॲप कॅबच्या दर 100 किलोमीटरमागे 38 हून जास्त प्रवाशाशिवाय निघाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाहतूक प्राधिकरणाने 2018 च्या अहवालात म्हटलं की 2010 ते 2016 या काळात तिथे वाढलेल्या कोंडीचा जवळपास निम्मा भार ॲप कॅबवर जातो. घरची गाडी निदान ऑफिसात पोचली की दिवसभर गप्प उभी राहते. नकाशाच्या ॲपनेही कोंडी मोडली नाही, ती कर्वे रस्त्यावरून उचलून मयूर कॉलनीच्या गल्ल्यांत नेऊन ठेवली.

गाडी कमी वापरावीशी वाटेल असं एक साधं हत्यार महापालिकेच्या हातात होतं. 2018 मध्ये पार्किंग धोरण मुख्य सभेत मंजूर झालं, रस्त्यावर गाडी लावायची तर ताशी पैसे. विरोध झाला, मग ते पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि तिथेही नीट उभं राहिलं नाही. फुकट जागा मिळतेय तोवर 95 टक्के वेळ उभी असलेली गाडी मालकाला टोचणारच नाही. सीए मित्राने या एका ओळीचा हिशेब मांडला असता तर मेसेज मीही पुढे पाठवला असता.

तरीही विकायचीच असेल तर घरातली दुसरी गाडी विका, आणि तीही मेट्रोजवळ राहत असाल तर. वनाझ-रामवाडी मार्ग मार्च 2024 मध्ये पूर्ण झाला, पिंपरीकडून येणारी मेट्रो सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटला पोचली. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पीएमपीची फीडर बस आहे का, तुमच्या वेळेला येते का, हे आधी बघा. आणि विकण्याआधी महिनाभर तिची चावी कपाटात टाकून ठेवा, जून-जुलै असेल तर उत्तमच.