पायरी न चढताही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमचे आजोबा सांगत. मी ती आजवर चढलेलो नाही. परंतु ह्यूस्टनमध्ये नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केल्यापासून माझा आरोग्यविमा मात्र कोर्टातच मुक्कामाला असतो.

२०१० साली अमेरिकेत आरोग्यविमा सक्तीचा करणारा 'ओबामाकेअर' कायदा झाला आणि राज्याराज्यांनी त्यावर खटले भरले. सरकार लोकांना विमा घ्यायला लावू शकते, तर उद्या ब्रोकोलीही घ्यायला लावेल का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्कालिया यांनी विचारला होता. (आमच्या घरी कारल्यापुरता हा प्रश्न लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात निकालात निघाला होता.) २८ जून २०१२ रोजी दोन मोठ्या वाहिन्यांनी सक्ती रद्द झाल्याचे जाहीर केले, तेव्हा नोकरीबाहेरच्या विम्याची आशा सोडून मी राजीनाम्याचा मसुदा पुसून टाकला. थोड्याच वेळात, विमा न घेणाऱ्याला होणारा दंड हा कर मानून न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरल्याचे कळले आणि तोच मसुदा मी पुन्हा टाइप केला.

पुढे वाद निघाला तो कायद्यातल्या 'राज्याने स्थापन केलेल्या' या शब्दांवरून: हप्त्यात सरकारी सवलत मिळायची ती अशा विमा-बाजारपेठेतून विमा घेणाऱ्यांना. टेक्ससने स्वतःची विमा-बाजारपेठ उभारलीच नव्हती, त्यामुळे इथल्यांना सवलत मिळते की नाही, हे ठरायला जून २०१५ उजाडले. निकाल आमच्या बाजूने लागला. मग २०१७ मध्ये संसदेने विमा न घेणाऱ्याचा दंड शून्य केला. दंडच नाही म्हणजे कर नाही, आणि कर नाही म्हणजे सगळा कायदाच घटनाबाह्य, असे म्हणत टेक्सस पुन्हा कोर्टात गेले. दुकानात मी भरलेल्या विक्रीकरातून माझेच राज्य माझाच विमा रद्द करवून घ्यायला झटत होते! २०१८ च्या डिसेंबरात फोर्ट वर्थच्या न्यायाधीशांनी ते मान्यही केले. अखेर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितले, की दावा लावण्याइतके तुमचे काही नुकसानच झालेले नाही.

त्या दिवशी मी पेढे वाटले.

कायदा वाचला, पण हप्त्याला कोण वाचवणार? २०२१ पासून वाढीव सवलतीमुळे तो उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर थोपवलेला होता. ती सवलत २०२५ अखेर संपणार, या भांडणापायी सरकारच बंद पडलेले असताना, १ नोव्हेंबरला मी चहाचा कप घेऊन विमा-बाजारपेठेचे संकेतस्थळ उघडले. सरकार बंद होते, संकेतस्थळ चालू होते. महिना सहाशे डॉलरच्या आसपासचा हप्ता बावीसशेच्या पुढे गेलेला पाहून चहा गार झाला. दोघांच्या कुटुंबाला २०२६ साठी ८४,६०० डॉलर उत्पन्नापर्यंतच सवलत. त्यापुढे एक डॉलर जरी गेला, तरी दमडी नाही. आमचा पुढच्या वर्षीचा अंदाज होता ८५,९००.

"अहो, तेराशे डॉलर कमी मिळवायला असं काय लागतं?" ही म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला ते न सांगता जमलंय."

मी तातडीने एका जुन्या गिऱ्हाइकाला कळवले, की पुढील वर्षी माझे बिल तेराशे डॉलरने कमी येईल. तासाभरात उत्तर आले: आभारी आहोत, मात्र आधी हे आमच्या वकिलांना दाखवून घेतो.