दोन व्हिजिटच्या मधे पाळायचे म्हणे सात नियम

"कायरोप्रॅक्टरकडे जाता? मग दोन व्हिजिटच्या मधे हे सात नियम पाळा, पाठ आयुष्यात दुखणार नाही." (कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने मणक्यांची ट्रीटमेंट करणारा.) हा फॉरवर्ड आत्याकडे पोचला आणि आत्याने रोजचं चालणंच बंद केलं, दिवसभर कंबरेला पट्टा लावून पलंगावर पडून. म्हणून लिहितेय, नाहीतर असलं काही आलं की मी न वाचता डिलीट करते.

आधी सहावा नियम घेते, कारण तो लिहिणाऱ्याला खरंच समोर बसवून झापायला हवं. "पायाला मुंग्या आल्या, बधिर वाटलं तर घाबरू नका, नस मोकळी होतेय, पुढच्या व्हिजिटला सांगा." अरे, पुढच्या व्हिजिटला काय सांगा? ट्रीटमेंटनंतर एखाददोन दिवस अंग ठणकतं, ते ठीक आहे, ते आपोआप जातं. पण बधिरपणा वाढत चाललाय, चालताना पाऊल लटकं पडतंय, तर नस दाबली जात असू शकते आणि लगेच डॉक्टरला दाखवायचं असतं. आणि जांघेत किंवा बसायच्या जागी बधिर झालं, लघवी अडली किंवा झालेली कळलीच नाही, शी-शूवरचा ताबा गेला, दोन्ही पायांतला जोर गेला, यातलं काहीही झालं तर मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. पाठीच्या कण्यात खालच्या बाजूला नसांचा जुडगा असतो तो दाबला गेला की असं होतं, कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात त्याला, आणि उशीर झाला तर लघवीचा त्रास जन्मभराचा होऊ शकतो. क्वचित होतं, मान्य आहे. पण ज्याला होतंय त्याच्या हातात नेमका हा मेसेज असेल तर?

आता पहिला नियम, ज्याच्यामुळे आत्या पलंगावर आहे. "बसवलेला मणका वाकल्यावर परत सरकतो, म्हणून वाकू नका, जास्तीत जास्त पडून राहा." मणके चकत्या, लिगामेंट, स्नायू यांनी चहूबाजूंनी घट्ट बांधलेले असतात. मोठा अपघात किंवा स्पॉन्डिलोलिस्थेसिससारखं (म्हणजे एक मणका खालच्या मणक्यावरून खरंच सरकलेला) वेगळं निदान असेल तर गोष्ट निराळी, पण खाली पडलेला मोजा उचलताना मणका जागा सोडत नाही आणि कायरोप्रॅक्टरच्या टेबलवर कट्ट आवाज आला म्हणजे तो जागेवर जाऊन बसला असंही नाही. बोटं मोडतो तेव्हाही तसाच आवाज येतो, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते, 2015 साली संशोधकांनी बोटांचा एमआरआय चालू ठेवून हे चक्क होताना बघितलंय. आणि पडून राहण्याचं म्हणाल तर हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरचा 1995 चा अभ्यास आहे, कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस बेडरेस्ट, काहींना व्यायाम आणि काहींना सांगितलं की झेपेल तसं रोजचं चालू ठेवा. सगळ्यात लवकर सावरले ते हे शेवटचे.

बाकीचे भराभर. घरच्याघरी टॉवेल लावून मान मोडून घ्या: अजिबात नको, मानेला झटका बसून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटल्याच्या आणि स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, कमी आहेत पण आहेत. लाकडी फळीवर झोपा: 2003 च्या एका चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम मिळाला, फळी तर लांबच राहिली. दर महिन्याला एक्स-रे काढा: कशाला? भरपूर पाणी प्या: प्या बाई, त्याने पाठ सरळ होत नाही एवढंच.

पट्ट्याबद्दल आणि एकूणच, जागतिक आरोग्य संघटनेची डिसेंबर 2023 ची जुनाट कंबरदुखीवरची गाइडलाइन बघा. त्यात पट्टे रूटीनमधे वापरू नका असं लिहिलंय. आणि हो, त्याच गाइडलाइनमधे मणक्यांची हाताने केलेली ट्रीटमेंट, म्हणजे कायरोप्रॅक्टर करतात तसली, देता येईल अशा उपायांच्या यादीत आहे, त्यामुळे "ते सगळे लुटारू" असं मी म्हणणार नाही, जीभ जरा जड होतेय पण नाही म्हणणार. फक्त त्याच यादीत व्यायाम आणि पेशंटला नीट समजावून सांगणं पण आहे, आणि फॉरवर्डमधे हे दोन्ही शोधून सापडत नाहीत.

मधल्या दिवसांत करायचं एवढंच, झेपेल तितकं चालायचं आणि हळूहळू वाढवायचं, एकाच जागी तासन् तास बसायचं नाही, शेक बरा वाटत असेल तर घ्यायचा, ज्या कुशीवर झोप लागते त्या कुशीवर झोपायचं. वाकायचं सुद्धा. आणि तुमचा कायरोप्रॅक्टर घरी करायला एकही व्यायाम न देता फक्त पुढच्या तारखा देत असेल तर त्याला विचारा की हे कधी थांबणार, आणि उत्तर नीट ऐका.