क्रूझवर डिनरला काय घालायचं? काही नाही, मी सांगतो

सगळ्यात आधी एक करा, बुकिंग झाल्यावर कंपनीची जी लांबलचक मेल येते ना, त्यातला ड्रेस कोडचा भाग अजिबात वाचू नका. तो तुमच्यासाठी नसतोच मुळी. तो जहाजावरच्या बाकीच्या हजारो लोकांसाठी असतो, ते बिचारे बहुतेक फुकट आलेले असतात, पैसे काय ते तुम्ही एकट्यानेच भरलेत, मग संध्याकाळी तुम्हाला फुल पँट घाला म्हणणारे हे कोण टिकोजीराव लागून गेले? "मी सुट्टीवर आलोय, ऑफिसला नाही" हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा, रोज संध्याकाळी लागणारे. एकदा डायनिंग रूमच्या दारात, एकदा टेबलावर अनोळखी लोकांसमोर, आणि एकदा केबिनमध्ये बायकोसमोर, तिथे त्याचा उपयोग शून्य आहे पण सवय मोडू नये म्हणून म्हणायचं.

आता चुकून वाचलंतच तर गोंधळून जायला भरपूर वाव आहे, त्याचा फायदा घ्या. प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळंच नाव. सेलिब्रिटी नावाच्या क्रूझ कंपनीने 2015 मध्ये फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, मोडीत काढली आणि 'ईव्हनिंग शिक' आणलं, कार्निव्हलचं 'क्रूझ एलिगंट' असतं, क्युनार्डची 'गाला ईव्हनिंग' असते, आणखी कुठे 'स्मार्ट कॅजुअल' असतं. खरं सांगायचं तर या सगळ्याचा अर्थ मिळून एवढाच होतो की बाबा रे, कॉलरवाला शर्ट घाल, पायभर पँट घाल, बोटं झाकतील असे बूट घाल, आणि त्या एकदोन खास रात्री वर कोट चढव. पण एवढं सोपं करून टाकलं तर महिनाभर वाद कशावर घालणार? त्यामुळे तुम्ही नम्रपणे विचारत राहायचं की चिक म्हणजे नक्की काय हो, आणि समोरचा बोलायला लागला की म्हणायचं की ते शिक आहे.

कार्निव्हलवाल्यांनी तर स्पष्टच लिहून ठेवलंय की डिनरला जिमच्या शॉर्ट्स, बिनबाह्यांचे शर्ट, फ्लिप-फ्लॉप आणि बेसबॉल टोपी चालणार नाही. जरा विचार करा, असली यादी कोणी हौसेने करतं का? कोणीतरी खरोखर हे सगळं अंगावर घालून आलेलं असणार, कदाचित एकाच वेळी. ते तुमचे पूर्वसुरी. त्यांनी एवढा त्याग करून नियम लिहायला भाग पाडलं, तुम्ही निदान सहा खिशांची कार्गो घालून परंपरा पुढे न्या. साध्या रात्री तिथे नीटनेटकी लांब हाफ पँट चालते सुद्धा, हे कोणी सांगितलं तर ऐकू आलं नाही असं दाखवा, परवानगी असलेली हाफ पँट घालण्यात काय मजा.

ज्यांना खरंच नटायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी वेगळी जहाजं आहेत, हे मला माहितीये, तुम्हालाही माहितीये. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली 'फ्रीस्टाइल' काढलं, या आणि जेवा, कोट सक्तीचा नाही. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर फॉर्मल नाइट नाहीच. पण तिथे बुकिंग करायची घोडचूक करू नका! तिथे भांडायचं कोणाशी? तुम्ही हाफ पँटचे तत्वनिष्ठ असाल तर सरळ क्युनार्डच घ्या, जिथे संध्याकाळी 6 नंतर नीट कपड्यांची अपेक्षा असते आणि गाला ईव्हनिंगला टक्सिडो, म्हणजे बो टायवर घालायचा काळा डिनर जॅकेटचा पोशाख, नाहीतर गडद सूट नि टाय असं छापूनच दिलेलं असतं. मग दारात उभं राहून आश्चर्य व्यक्त करा. (तिथे किल्ट, तो स्कॉटिश पुरुषांचा घागरा हो, तोही चालतो बरं का, म्हणजे गुडघ्यांना वारं लागलंच पाहिजे अशी तब्येत असेल तर राजमार्ग उपलब्ध आहे, पण स्कॉटिश लोक त्यासाठी केवढी तयारी करतात ती बघितलीत की तुम्ही गपगुमान पँट घालाल.) व्हर्जिनच्या जहाजांवर तर ड्रेस कोडच नाही, आणि तरी 'स्कार्लेट नाइट' असते तेव्हा सगळं जहाज लाल कपड्यात फिरतं. तुमच्याकडे लाल काही नसेल तर दुपारी सनस्क्रीन न लावता डेकवर तीन तास झोपा, संध्याकाळी शर्टाची दोन बटणं उघडी ठेवली की झालं काम.

पॅकिंगचं बघू. पॅकिंग बायकोकडे सोपवायचं आणि "माझं काय गं, दोन टी-शर्ट टाक" असं म्हणायचं. सूट न्यायचाच असेल तर शेवटचा कुठल्यातरी लग्नात घातलेला न्या, घालून बघू नका, समुद्राची हवा लागली की तो आपोआप सैल होईल. काळे बूट मात्र नेऊ नका, फार जागा खातात, त्यापेक्षा काळ्या सुटाखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज उठून दिसतात. इतके उठून दिसतात की लोक चेहरा विसरतात.

इस्त्री. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून केबिनमध्ये इस्त्री आणि स्टीमर दोन्हींना बंदी असते आणि चढताना सामान तपासतात त्यात ती सापडतेच. तुम्ही अवश्य न्या. टॉवेलात गुंडाळून न्या. ती काढून घेतील आणि उतरताना परत देतील, म्हणजे तुम्हाला अख्ख्या सफरीत पुरेल एवढी तक्रार आयती मिळाली. मग सूट बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याचा शॉवर सोडायचा हा जुना उपाय करून बघा, वाफेने सुरकुत्या जातात म्हणतात, क्रूझच्या बाथरूममध्ये मात्र सूट आणि शॉवर यांच्यात वीतभर अंतर असल्यामुळे सुरकुत्यांसकट सूट धुऊन निघतो. क्युनार्ड किंवा प्रिन्सेसच्या जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. फॉर्मल नाइटच्या दुपारी तिकडे एक चक्कर माराच. घरी आपण इस्त्रीला हात लावत नाही असं छातीठोकपणे सांगणारे सगळे पुरुष तिथे बनियनवर रांगेत उभे असतात, आणि "तुमचं किती वेळ चालणार अजून" यावरून होणारे वाद थिएटरमधल्या शोपेक्षा रंगतदार असतात.

पहिल्या रात्रीचं एक लक्षात ठेवा. बंदरावर हमालाकडे दिलेली बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, कधी कधी बराच उशीर होतो, म्हणून पहिल्या रात्री कोणी फॉर्मल ठेवत नाही. जुन्या काळी अटलांटिक पार करणाऱ्या बोटींवर सुद्धा पहिल्या आणि शेवटच्या रात्री साहेब लोक नटायचे नाहीत, ट्रंका उघडलेल्या नसायच्या नाहीतर बांधून झालेल्या असायच्या. तुम्ही मात्र टक्सिडो हातातल्या बॅगेत घेऊन चढा आणि पहिल्याच रात्री घालून जा. बाकी सगळे प्रवासाच्या चुरगळलेल्या कपड्यांत. पाच मिनिटांत कोणीतरी तुमच्याकडे पाणी मागेल, नाही म्हणू नका, टीप मिळते.

खरी मजा फॉर्मल नाइटला. ही सहसा दिवसभर समुद्रात असतो त्या दिवशी ठेवतात, कारण बंदरावरून उन्हात भाजून उशिरा परतलेल्या माणसाला कोट घाल म्हणायची हिंमत कॅप्टनमध्ये पण नसते. या रात्री टेबलावर बसल्या बसल्या, सूप यायच्या आत, टक्सिडोचा इतिहास सांगायला घ्या. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावर हेन्री पूल नावाचं शिंप्याचं दुकान आहे, ते सांगतं की 1865 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, त्यांनी घरगुती जेवणासाठी एक आखूड कोट शिवला, मागे शेपूट नसलेला. मग न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क नावाच्या गावात 1886 मध्ये क्लब सुरू झाला, तिथल्या मंडळींनी तो कोट उचलला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणजे बघा, आज जो सगळ्यात अवघड पोशाख वाटतो तो मुळात आराम पडावा म्हणून काढलेला. एडवर्डने कोटाची शेपूट कापली, तुम्ही पँटचे पाय कापले, दोघंही एकाच चळवळीचे कार्यकर्ते! हा युक्तिवाद ठणकावून मांडा. कोणी अजून जागं असेल तर 'रेड सी रिग' सांगा, तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात एसी नसलेल्या बोटींवर साहेबांनी कोट आणि टाय दोन्ही काढून ठेवले आणि नुसत्या पांढऱ्या शर्टावर जेवायला बसायला लागले. कमरेला पट्टा आणि खाली काळी फुल पँट तेवढी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, हे वाक्य गाळायचं.

आणि हो, आता डायनिंग रूममध्ये एसी असा सोडलेला असतो की हाफ पँटवाल्याचे गुडघे मुख्य जेवण यायच्या आत निळे पडतात. नॅपकिन मोठा असतो, त्यात दोन्ही मावतात.

बो टायबद्दल थोडं सविस्तर. हुक लावायची तयार बो टाय मिळते, दोन सेकंदात बसते, ती घेऊ नका, लोक काय म्हणतील. खरी घ्या, सुटी पट्टी असते ती, आणि बांधायला जेवणाच्या अर्धा तास आधी व्हिडिओ लावा. जहाजाचं वायफाय विकत घेतलेलं असतं आणि ते बरोब्बर तिथे अडकतं जिथे व्हिडिओतला माणूस डावं टोक उजव्याच्या मागून काढून मधल्या फटीत घालत असतो. तुम्ही आरशात बघताय, आरशात डावं ते उजवं, व्हिडिओत तो तुमच्या समोर उभा म्हणजे त्याचं उजवं ते परत तुमचं डावं, आणि जहाज हळूच एका बाजूला कलतंय. बायको तयार होऊन पलंगाच्या कडेला बसलेली, एक अक्षर बोलत नाही. चौथ्या वेळेला जे काही होतं ते बुटाच्या नाडीसारखं दिसतं, तरी चालवून घ्यायचं ठरवून दार उघडता, तर समोर केबिनचा कर्मचारी उभा, तो रात्रीची खोली लावायला आलेला असतो. जो माणूस रोज तुमच्या पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवतो, सोंडेसकट, त्याला बो टाय म्हणजे किस झाड की पत्ती. दहा सेकंदात बांधून देतो. आणि ती इतकी सुरेख जमते की टेबलावरचा प्रत्येक जण समजतो हुकवालीच आहे, मग तुम्ही सगळ्यांदेखत ती सोडून दाखवायची. पुन्हा बांधता येणार नाही, पण मुद्दा सिद्ध.

दुसऱ्या बाजूचे जे आहेत, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचा टक्सिडो आहे आणि तो अजून बसतो, त्यांनाही दोन शब्द सांगायला पाहिजेत, नाहीतर त्यांना वाटेल हा लेख हाफ पँटवाल्यांच्या बाजूचा. तुम्ही जेवणाकडे बघायचंच नाही. लॉबस्टर आलाय, येऊ दे. तुम्ही खोलीभर लोकांच्या पायांकडे बघायचं आणि नाकाने कांदे सोलत म्हणायचं, "पूर्वी असं नव्हतं." पूर्वी म्हणजे कधी ते सांगायचं नाही, तुमची ही दुसरी क्रूझ आहे हे तर अजिबातच नाही. फारच अंगावर आलं तर 1912 ची गोष्ट काढा, टायटॅनिक बुडत असताना बेंजामिन गुगेनहाइम नावाचा अमेरिकन धनाढ्य आणि त्याच्या नोकराने रीतसर संध्याकाळचे कपडे चढवले होते म्हणतात, आणि इथे लोकांना डेझर्टसाठी मोजे घालवत नाहीत. भर समुद्रात टायटॅनिकचं नाव निघाल्यावर टेबल एकदम गप्प होईल. पटलं असं समजा.

दारातला हेड वेटर हा या सगळ्यात सगळ्यात समजूतदार माणूस. तो तुमच्या गुडघ्यांकडे अर्धा क्षण बघतो, हसतो, आणि बऱ्याचदा आत सोडतो, कारण मागे रांग लागलेली असते. आत सोडलं तर रिसेप्शनवर जाऊन तक्रार करा की इथे नियम पाळलेच जात नाहीत. नाही सोडलं तर तिथेच जाऊन तक्रार करा की इथे नियमांचा अतिरेक आहे. खिडकी एकच आहे, फॉर्मही एकच. मग वर बुफेला जायचं, तिथे कोणी काही विचारत नाही, जेवणही चांगलं असतं, पण ताट घेऊन बसल्यावर उपाशी राहिल्याचा चेहरा ठेवा, बायको खाली एकटी लॉबस्टर खातेय आणि तुमच्या वाटचाही तिनेच मागवलाय. फोटोग्राफर जिन्याजवळ पडदा लावून उभे असतात त्यांना सांगून ठेवा, फोटो कमरेच्या वर.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीतून त्या उचलून नेतात आणि थेट सकाळी टर्मिनलवर भेटतात. इथे शिस्त दाखवा. कपाट रिकामं करा, ड्रॉवर रिकामे करा, बूट आत, बेल्ट आत, उद्या घालायची म्हणून खुर्चीवर काढून ठेवलेली पँट सुद्धा घडी करून आत, साखळी ओढा, कुलूप लावा, बाहेर ठेवा, आणि समाधानाने झोपा. सकाळी उठल्यावर अंगावर पायजमा असेल आणि बाथरोबच्या मागे विसरलेलं डिनर जॅकेट, बाकी काही नाही. ते घाला. पायात केबिनमधल्या सपाता. पासपोर्टच्या रांगेत मागचा माणूस खांद्यावर टकटक करून विचारेलच, काय साहेब, फॉर्मल नाइट अजून चालू आहे का? त्याच्याकडे वळा आणि 1865 पासून सुरुवात करा, रांग बरीच मोठी असते.